वायपर ब्लेड: कधी बदलायचं, कसं निवडायचं, कसं सांभाळायचं (आणि दुकानदाराने कसं विकायचं)

व्हिडिओत आपण ब्लेड बसवून दाखवलं. पण व्हिडिओ बघताना माप लिहून घेता येत नाही, म्हणून ते सगळं इथे सविस्तर देतोय. गाडीवाल्यांनी पहिला भाग नीट वाचा. ज्यांचं स्पेअर पार्ट, ॲक्सेसरी किंवा टायर-पंक्चरचं दुकान आहे, त्यांनी शेवटचा भागही वाचा.

आपल्यातले बरेच जण छोटी गाडी धंद्यासाठीच वापरतात. अल्टो, वॅगन-आर, सेलेरिओ, सँट्रो, टियागो, नाहीतर ईको. सकाळी नगरहून माल आणायचा, संध्याकाळी घोडेगाव, वडाळा, राहुरीकडे पोच करायचा. या गाडीचं ऑइल आपण वेळेवर बदलतो, टायरची हवा बघतो. वायपर मात्र पाऊस येईपर्यंत आठवत नाही. आणि पाऊस येतो तेव्हा आपण रस्त्यावर असतो.

दोन सेकंदांचा हिशोब

गाडी ताशी ६० च्या वेगात असेल तर एका सेकंदात ती जवळपास १७ मीटर पुढे जाते. समोरून ट्रक गेला, काचेवर चिखलाचं पाणी उडालं, तुम्ही वायपर मारला आणि रबर खराब असल्यामुळे काच पुसली जायच्या ऐवजी सगळीकडे फासली गेली. दुसरी-तिसरी फेरी होईपर्यंत दोन सेकंद गेले. म्हणजे ३३ मीटर तुम्ही अंदाजाने गाडी चालवली.

आता आपल्याकडचा रस्ता डोळ्यासमोर आणा. सोनई ते घोडेगाव, किंवा राहुरीकडून ब्राह्मणीमार्गे येणारा रस्ता. गाळप हंगाम सुरू झाला की उसाच्या डबल ट्रॉल्या, टायरगाड्या, बैलगाड्या रात्रंदिवस रस्त्यावर. कितीतरी ट्रॉल्यांना मागे लाइट नाही, रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेला. शिंगणापूरला येणाऱ्या बाहेरगावच्या गाड्या वेगळ्याच, आणि त्यांना रस्ता माहीत नाही. अशा रस्त्यावर ऑक्टोबरचा परतीचा पाऊस किंवा नोव्हेंबरमधला अवकाळी गाठला, तर ३३ मीटर ही फार मोठी रक्कम आहे. ती वाचवायला काही शे रुपयांची वस्तू लागते.

कायद्याच्या बाजूनेही हे ऐच्छिक नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १०१ प्रमाणे पुढे काच असलेल्या गाडीला नीट काम करणारा, यंत्रावर चालणारा वायपर असलाच पाहिजे.

वायपर काम कसं करतो

१९०३ साली अमेरिकेत मेरी अँडरसन या बाईंनी वायपरचं पेटंट घेतलं. तो गाडीच्या आतून हाताने दांडी फिरवून चालवायचा होता. आज मोटर आहे, स्पीड आहेत, काही गाड्यांत पावसाचा सेन्सर आहे. पण काचेवर काम करणारी गोष्ट तीच राहिली: दाबून धरलेली रबराची धार.

त्याचे तीन भाग लक्षात ठेवा.

- आर्म: लोखंडी दांडा. त्याच्या बुडाशी स्प्रिंग असते. तीच ब्लेडला काचेवर दाबून धरते.
- ब्लेड: आर्मच्या टोकाला अडकवलेला सांगाडा. आर्मचा दाब रबराच्या पूर्ण लांबीवर सारखा वाटून देणं हे याचं काम.
- रबर: बारीक मान आणि खाली चौकोनी ओठ. वायपर उजवीकडे जाताना ओठ एका बाजूला कलतो, डावीकडे येताना पलटी खातो. पाणी काढते ती त्या ओठाची धारदार कड.

ही पलटी फार महत्त्वाची आहे. रबर मऊ आहे तोवर ते दर फेरीला पलटतं. एकदा कडक झालं की पलटत नाही, काचेवर अडखळत उड्या मारतं. तो 'टर्र टर्र' आवाज येतो ना, तो हाच.

आपल्या भागात रबर कशाने मरतं?

कोकणात वायपर घासून संपतो. आपला नेवासा तालुका पडतो पर्जन्यछायेत. आपल्याकडचा मोठा पाऊस बहुतेक सप्टेंबरमध्ये, बाकी वर्षभर वायपर नुसता काचेला चिकटून उन्हात पडलेला. म्हणून "माझा वायपर वापरलाच नाही, नवाच आहे" हे वाक्य इथे चालत नाही. इथे किलोमीटर मोजायचे नाहीत, उन्हाळे मोजायचे.

रबराचे आपल्याकडचे शत्रू असे:

१. ऊन. एप्रिल-मेमध्ये उभ्या गाडीची काच हात लावू देत नाही इतकी तापते. रबर त्या काचेवर एकाच बाजूला दाबलेलं असतं. ते तसंच वाकडं बसतं आणि वरून तडकतं.

२. धूळ. रस्त्याची, शेताची, मुरमाची. कोरड्या काचेवर वायपर फिरवला की ही धूळ पॉलिश पेपरसारखी काम करते.

३. राख. साखर कारखान्याच्या आसपास राहणाऱ्यांना सांगायला नको. गाळप हंगामात सकाळी गाडीवर काळी बारीक राख दिसते. बगॅसच्या राखेत सिलिका भरपूर असते, वाळूतही तेच असतं. ही राख कोरडी पुसायची नाही. वायपरने नाही आणि फडक्यानेही नाही. आधी पाणी.

४. बोअरचं क्षाराचं पाणी. काचेवर सुकलं की पांढरे डाग राहतात. तेच पाणी वॉशरच्या टाकीत भरलं की नोझलची भोकं बुजतात.

५. पूजा. हे हसण्यावारी नेऊ नका. दसऱ्याला गाडी धुतो, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक काढतो, झेंडूचा हार वायपरच्या दांड्याला बांधतो. दसरा येतो नेमका परतीच्या पावसाच्या दिवसांत. ओला हार ओढला की आर्म वाकतो आणि कुंकू-तेल वायपरखाली येऊन पूर्ण काच धुरकट होते. पूजा जरूर करा. हार बोनेटवर किंवा पुढच्या जाळीला बांधा, कुंकू वायपरच्या फेरीबाहेर लावा.

लक्षण बघा, मग खर्च करा

प्रत्येक वेळी ब्लेडच बदलायला लागतं असं नाही. टाकीतलं पाणी मारा, वायपर चार-पाच वेळा फिरवा आणि काचेकडे बघा.

- बारीक रेघा राहतात: धारेला घाण चिकटली आहे किंवा धार चिरली आहे. आधी ओल्या फडक्याने धार पुसा. रेघा गेल्या तर खर्च शून्य. त्याच जागी राहिल्या तर ब्लेड बदला.
- टर्र टर्र करत उड्या मारतो: रबर कडक झालंय, नाहीतर काचेवर मेण-पॉलिशचा थर आहे. वॉशिंग सेंटरवरून आल्यानंतर हे सुरू झालं असेल तर आधी काच साफ करा.
- जाताना नीट पुसतो, येताना फासतो: रबर एका बाजूला वाकडं बसलंय. बदला.
- मधला किंवा टोकाचा पट्टा पुसलाच जात नाही: दाब पोचत नाही. सांगाडा वाकलाय किंवा आर्मची स्प्रिंग ढिली झाली आहे. नवीन ब्लेड टाकूनही तसंच राहिलं तर दोष आर्मचा, मिस्त्रीला दाखवा.
- पूर्ण काचेवर तेलकट धुकं, समोरच्या गाडीचा लाइट फुटतो: दोष काचेचा आहे. डिझेलच्या धुराचा आणि मेणाचा थर. भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब पाण्यात टाकून फक्त काच धुवा, भरपूर पाण्याने काढा आणि मायक्रोफायबरने पुसा. थर गेला की पाणी काचेवर ठिपक्यांत न तुटता सारखं पसरतं.
- घासल्याचा आवाज येतो, काचेवर अर्धगोल ओरखडा दिसतो: लगेच थांबा. रबर निसटून सांगाडा काचेला लागतोय. पुढची काच लॅमिनेटेड असते, म्हणजे दोन काचा आणि मध्ये पारदर्शक थर. ओरखडा खोल गेला तर काच बदलणं हाच उपाय, आणि ते बिल वायपरच्या कित्येक पट असतं.

यातलं काहीच नसलं तरी बोटाने रबर दाबून बघा. तडा दिसला, कड गोल झाली, किंवा बोटाला काळं लागतंय, तर दिवस भरले. आपल्या हवेत मी सगळ्यांना वर्षाला एक जोडी असं सांगतो. गाडी दिवसभर उन्हात उभी राहत असेल तर सहा महिन्यांनीच तपासा.

निवडताना चार गोष्टी

१. माप. ब्लेडचं माप इंचात बोलतात. खोक्यावर मिलिमीटरमध्ये असेल तर हे लक्षात ठेवा: १६ इंच म्हणजे सुमारे ४०० मिमी, १८ म्हणजे ४५०, २० म्हणजे ५००, २२ म्हणजे ५५० आणि २४ म्हणजे ६००. बहुतेक गाड्यांत ड्रायव्हर साइडचं ब्लेड लांब आणि क्लीनर साइडचं आखूड असतं, म्हणून दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजा. गाडीच्या नावावर जाऊ नका. एकाच नावाच्या जुन्या आणि नव्या मॉडेलचं माप वेगळं असू शकतं. टेप घ्या, रबराची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लांबी मोजा, गाडीच्या पुस्तकातल्या मापाशी ताडून बघा.

"मोठं टाकलं तर जास्त काच पुसेल" असं वाटतं, पण मोठं ब्लेड शेजारच्या ब्लेडला किंवा काचेच्या चौकटीला आपटतं आणि मोटरवर लोड येतो. नाइलाज असेल तर इंचभर आखूड चालेल, लांब नको.

२. हुक. आर्मचं टोक बघा. आपल्या छोट्या गाड्यांत बहुतेक ठिकाणी छत्रीच्या मुठीसारखा वळलेला यू हुक असतो. काही गाड्यांत पिन किंवा बटणाचं लॉक असतं. खोक्यात दोन-तीन ॲडॉप्टर येतात, पण सगळे हुक त्यात येतीलच असं नाही. सोपा उपाय म्हणजे मोबाईलवर हुकचा फोटो काढून दुकानात दाखवणं. मागच्या काचेचा वायपर असेल तर त्याचं फिटिंग बहुधा वेगळंच असतं, त्याचा वेगळा फोटो घ्या.

३. प्रकार.

- *फ्रेमवाला:* लोखंडी सांगाडा, मध्ये सांधे. स्वस्त, सगळीकडे मिळतो. सांध्यात धूळ-चिखल बसला की अडकतो.
- *फ्लॅट किंवा फ्रेमलेस:* आत स्प्रिंगची पट्टी, बाहेर सांधा नाही. दाब सारखा पडतो, धूळ कमी अडकते, दिसायला बरा. पण काचेचा बाक जास्त असेल तर हलक्या क्वालिटीच्या फ्लॅटची टोकं उचललेली राहतात.
- *हायब्रिड:* आत फ्रेम, वरून प्लॅस्टिकचं कव्हर. दोन्हींच्या मधला.

माझं मत विचाराल तर धुळीच्या रस्त्यावर रोज फिरणाऱ्या गाडीला चांगल्या कंपनीचा फ्लॅट घ्या. बजेट कमी असेल तर हलक्या फ्लॅटपेक्षा चांगला फ्रेमवाला कधीही बरा. पैसे रबराचे द्यायचे असतात, दिसण्याचे नाही.

४. रबर. साध्या रबरावर ग्रॅफाइटचा थर असेल तर ते काचेवर सुळकन फिरतं. सिलिकॉन महाग असतं, पण उन्हाला जास्त टिकतं. मात्र काच स्वच्छ नसेल तर सुरुवातीला तेही आवाज करतं. फ्रेमवाल्या ब्लेडचं नुसतं रबर, म्हणजे रिफिलही मिळतं. सांगाडा सरळ असेल तर ते टाका, पैसे वाचतात. सांगाडा वाकलेला असेल तर रिफिलचे पैसे वाया.

घरी बसवायची पद्धत

१. गाडी सावलीत, इंजिन बंद, चावी काढलेली.

२. काचेवर जाड टॉवेल घडी करून टाका. ही पायरी चुकवू नका. ब्लेड काढल्यावर नुसता लोखंडी आर्म स्प्रिंगच्या जोराने सुटला तर काच फुटते.

३. आर्म उचलून उभा करा. बोनेटच्या कडेला घासत असेल तर जबरदस्ती करू नका, पुस्तकात वायपर उभा करायची पद्धत बघा.

४. ब्लेड आडवं फिरवा. मधलं प्लॅस्टिकचं लॉक दाबून ब्लेड आर्मच्या बुडाच्या दिशेने सरकवा. हुक मोकळा झाला की बाहेर काढा.

५. जुनं आणि नवीन शेजारी ठेवून लांबी ताडा. लांब ड्रायव्हर साइडला, आखूड क्लीनर साइडला.

६. नवीन ब्लेड हुकमध्ये घालून वर ओढा. 'टक' आवाज आला पाहिजे. मग हलकेच उलट ओढून बघा, निघता कामा नये.

७. रबरावरचं प्लॅस्टिकचं संरक्षक कव्हर काढा. तसंच ठेवून "नवीन वायपर पुसतच नाही" म्हणणारी गिऱ्हाइकं दर पावसाळ्यात भेटतात.

८. टॉवेल काढा, आर्म हाताने धरून हळूच खाली ठेवा. पाणी मारून स्लो आणि फास्ट दोन्ही स्पीडवर बघा.

सांभाळायचे नियम

- कोरड्या काचेवर वायपर नाही. आधी वॉशरचं पाणी, मग वायपर.
- आठवड्यातून एकदा, गाडी पुसताना, ओलं फडकं रबराच्या धारेवरून फिरवा.
- रबराला रॉकेल, डिझेल, पेट्रोल लावू नका. "मऊ होतं" म्हणतात, पण रबर फुगतं आणि सैल होतं.
- वॉशरच्या टाकीत गाळलेलं गोड पाणी आणि थोडं वॉशर लिक्विड. कपड्यांची पावडर नको. टाकी रिकामी असताना बटण दाबत राहू नका, पंप कोरडा चालून जळतो.
- नोझल बुजलं तर टाचणीने हलकेच मोकळं करा. पाणी काचेच्या मध्यावर पडलं पाहिजे, टपावर नाही.
- गाडी बरेच दिवस उन्हात उभी राहणार असेल तर काच आणि ब्लेड दोन्ही झाकतील असं कापड टाका.
- काच फडक्याने पुसताना आर्म अलगद उचला आणि अलगद ठेवा. सोडून देऊ नका.

तारखा लक्षात राहत नसतील तर असं करा. पहिली तपासणी मे अखेर, मृग निघायच्या आधी. दुसरी दसऱ्याला गाडी धुताना, म्हणजे परतीच्या पावसासाठी आणि कारखान्याचा बॉयलर पेटायच्या आधी गाडी तयार.

आता दुकानदार मित्रांसाठी

वायपर हा छोटा माल आहे, पण धंदा शिकायला उत्तम.

मापावर स्टॉक करा, मॉडेलवर नाही. पन्नास गाड्यांची नावं लिहिलेली पन्नास खोकी ठेवली तर भांडवल अडकतं. तुमच्या गावात कोणत्या गाड्या जास्त आहेत ते बघा, त्यांची मापं काढा. पाच-सहा मापांतच बरीचशी गिऱ्हाइकं बसतात. एक वही करा: गाडी, साल, ड्रायव्हर साइड, क्लीनर साइड, हुक. दोन पावसाळ्यांत ही वही तुमच्या दुकानातली सगळ्यात कामाची वस्तू होईल.

रबर कपाटातही म्हातारं होतं. दुकानाच्या दर्शनी भागात उन्हात ब्लेड लटकवू नका. आधी आलेला माल आधी विका. खोक्यावर एमआरपी, उत्पादनाचा महिना-वर्ष, कंपनीचा पत्ता आणि ग्राहक सेवेचा नंबर असला पाहिजे. पॅकबंद मालासाठी २०११ च्या वैध मापन नियमांनी हे बंधनकारक आहे. यातलं काही नसलेला 'कंपनीसारखा' माल स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

फिटिंग करून द्या. समजा जोडीमागे तुम्हाला १०० रुपये सुटतात. ऑनलाइनवाला २० रुपये कमी लावेल, पण तो काचेवर टॉवेल टाकून ब्लेड बसवून देणार नाही, आणि नोझलही साफ करणार नाही. पाच मिनिटांचं काम आहे. त्या पाच मिनिटांत गिऱ्हाईक बल्ब, वॉशर लिक्विड, मॅट बघतं.

गरज नसेल तर विकू नका. आधी फडक्याने धार पुसून दाखवा. रेघ गेली तर "अजून चालेल, दसऱ्याला या" असं सांगा. आजचे शंभर रुपये गेले, पण गिऱ्हाईक पक्कं झालं. गावात नाव असंच होतं.

विचारले जाणारे प्रश्न

*एकच खराब आहे, एकच बदलू का?* दोन्हींनी ऊन सारखंच खाल्लंय, जोडीच बदला. पैसे नसतील तर आधी ड्रायव्हर साइड बदला, दुसरी पुढच्या महिन्यात.

*इन्शुरन्समध्ये मिळेल का?* वापरून झिजलेल्या वस्तूचा क्लेम नेहमीच्या पॉलिसीत बसत नाही.

*काचेवर पाणी घसरवणारं लिक्विड लावलं तर वायपर लागणार नाही का?* मदत होते, पण चिखल त्याने निघत नाही. वायपर लागतोच.

एवढं वाचलंत, तर आता उठा आणि गाडीच्या काचेवर एक तांब्या पाणी टाकून वायपर फिरवा. एक मिनिट लागतं. रेघ दिसली तर वरची लक्षणांची यादी बघा. हुक ओळखू येत नसेल तर व्हिडिओखाली गाडीचं नाव आणि साल लिहा, मी उत्तर देतो. आणि घरातलं कोणी रात्री त्या गाडीने गावाला निघणार असेल तर हे काम उद्यावर टाकू नका.